यंत्राचा दुभाषी कोण सांभाळतो?

सकाळची वेळ आहे. माजघरांत आजोबा मोबाइलवर पंचांग पाहत आहेत, स्वयंपाकघरांत सूनबाई परगांवच्या नणंदेशीं बोलत बोलत पोळ्या लाटीत आहेत, आणि ओसरीवर धाकटा नातू टॅब्लेटवर गणिताचा धडा गिरवीत बसला आहे. दहा माणसांच्या अशा घरांत मोजूं गेल्यास लहानमोठे दहा-वीस तरी प्रोसेसर सहज निघतील. आणि त्यांतील मोबाइलांतले तर जवळजवळ सर्वच ‘आर्म’ नांवाच्या एकाच घराण्यांतले असावयाचे. २०२३ सालापर्यंत या घराण्याचे २५,००० कोटींहून अधिक प्रोसेसर जगांत गेल्याचें ती कंपनी सांगते. मोबाइल कोणत्या कंपनीचा हें आपण आवर्जून सांगतों. परंतु माणसाचें सांगणें त्या यंत्राच्या कानीं घालणारा जो दुभाषी, त्याचें नांव घरांतील एकालाही ठाऊक नसतें. मग त्या दुभाष्याला वर्षानुवर्षें जे सांभाळीत आले, त्यांची आठवण कोण काढणार? या महिन्यांत त्यांच्याविषयींच चार शब्द लिहावयाचे योजिलें आहे.

प्रोसेसराला भाषा एकच येते, आणि तिचीं अक्षरें दोनच: शून्य आणि एक. ‘पहिल्या खणांतील संख्येंत दुसऱ्या खणांतील संख्या मिळव आणि बेरीज पहिल्यांतच ठेव’ ही साधी आज्ञा ३२ बिटी आर्म प्रोसेसराला पुढीलप्रमाणें द्यावी लागते: १११० ०००० १००० ०००० ०००० ०००० ०००० ०००१. यांतील आरंभींच्या ‘१११०’ चा अर्थ ‘कोणतीही अट न पाहतां कर’ असा आहे. असल्या लाखों माळा हातानें ओंवीत बसणें मनुष्याला शक्य नाहीं. म्हणून तो ‘सी’सारख्या सुटसुटीत भाषेंत प्रोग्राम लिहितो, आणि त्याचें यंत्रभाषेंत रूपांतर करण्याचें काम दुसऱ्याच एका प्रोग्रामावर सोंपवितो. या रूपांतर करणाऱ्यास कंपायलर म्हणतात. त्याच्या जोडीला असतो डीबगर. चालू प्रोग्राम हव्या त्या ठिकाणीं थांबवून, कोणत्या खणांत या क्षणीं काय आहे, हें तो उघड करून दाखवितो. एक दुभाषी, तर दुसरा नाडी पाहणारा वैद्य, असें म्हटल्यास चालेल.

आर्मचा जन्म इंग्लंडांतील केंब्रिज येथला. एकॉर्न या छोट्या संगणक-कंपनीनें १९८३ सालीं स्वतःचा प्रोसेसर रचावयाचें ठरविलें. त्याच्या आज्ञांची भाषा सोफी विल्सन यांनीं बांधिली व चिपची रचना स्टीव्ह फर्बर यांनीं केली. २६ एप्रिल १९८५ रोजीं पहिली चिप हातीं आली आणि पहिल्याच दिवशीं चालली. तिच्यांत ट्रान्झिस्टर होते अवघे २५,०००. ती किती वीज खाते हें मोजूं जातां मापकाचा कांटा शून्यावरच राहिला. शोध घेतां असें आढळलें कीं वीजपुरवठ्याची तार जोडलेलीच नव्हती, आणि इतर तारांतून झिरपून येणाऱ्या विजेवरच ती बिचारी काम करीत होती! हा मितव्ययच पुढें तिचा मोठा गुण ठरला. खिशांतल्या बॅटरीवर दिवसभर चालणाऱ्या यंत्राला असाच प्रोसेसर हवा होता.

इकडे त्याच सुमारास अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स येथील एम.आय.टी.च्या प्रयोगशाळेंत रिचर्ड स्टॉलमन हे गृहस्थ निराळ्याच विचारांत होते. प्रोग्रामचें मूळ लेखन कंपन्या कुलपांत ठेवूं लागल्या होत्या. यंत्र बिघडलें तर स्वतः दुरुस्त करण्याची सोय राहिली नव्हती, आणि शेजाऱ्यास प्रत उतरवून देणें हा अपराध ठरूं लागला होता. सप्टेंबर १९८३ मध्यें त्यांनीं ‘ग्नू’ या नांवानें सर्वांस मोकळ्या असलेल्या प्रोग्रामांची योजना जाहीर केली आणि पुढील वर्षाच्या आरंभीं नोकरी सोडली. १९८६ सालीं त्यांचा जीडीबी हा डीबगर आणि १९८७ सालीं जीसीसी हा कंपायलर बाहेर पडला. अट एकच: कोणींही वापरावा, उघडून पाहावा, बदलावा, इतरांस द्यावा, परंतु बदललेली प्रत दुसऱ्यास देतांना तिचें मूळ लेखनही त्याच मोकळिकीनें द्यावें. विद्या दिल्यानें वाढते हें आपण लहानपणीं पाठ केलेलें असतें. येथें तिला कायद्याची भाषा मिळाली, इतकेंच.

केंब्रिजचा प्रोसेसर आणि मॅसॅच्युसेट्सचा दुभाषी यांची गांठ १९९० नंतर पडली. जीसीसीमधील आर्मसंबंधीं मुख्य लेखनाच्या शिरोभागीं हक्काचें जें वर्ष आहे तें १९९१. येथपर्यंतची कथा सर्व ग्रंथांत सांपडते, कारण ती जन्माची कथा आहे. बारशाला सगळे जमतात. रात्रीचें जागरण एकटी आई करते. खरी कथा पुढेंच आहे.

आपल्या घरांत ज्ञानेश्वरी आहे. शके १२१२ मध्यें ज्ञानदेवांनीं गीतेचा अर्थ मराठींत आणिला, हें आपण सारेच सांगतों. परंतु पुढें तीनशे वर्षें ती पोथी हातोहात उतरली जातां जातां तींत अपपाठ शिरले. आणि शके १५०६ मध्यें एकनाथमहाराजांनीं प्रती ताडून पाहून ती शुद्ध केली, व पुढें कोणी आपली ओंवी तींत घुसडूं नये, अशी ताकीदही दिली. नाथांनीं तें केलें नसतें तर आज आपल्या देव्हाऱ्यांतली पोथी कोणत्या रूपांत असती, कोण जाणे! निर्माण करणाराचें ऋण आपण मानतों. सांभाळणाराचें ऋण तितकेंच मोठें असतें, आणि तें सहज विसरलें जातें.

पोथीचे शब्द निदान स्थिर असतात. कंपायलरची अडचण अशी कीं ज्या भाषेंत त्यानें बोलावयाचें, ती भाषाच दर कांहीं वर्षांनीं बदलते. १९९४ च्या सुमारास आर्मनें ‘थंब’ नांवाची आंखूड आज्ञांची दुसरी बोली आणली: ३२ ऐवजीं १६ बिटांची, म्हणजे लहान यंत्रांतील थोड्या जागेंत अधिक मजकूर मावावा. २०११ सालीं ६४ बिटांची भाषा जाहीर झाली. ती तर इतकी निराळी कीं जीसीसीमध्यें तिच्यासाठीं वेगळेंच दालन उघडावें लागलें. प्रत्येक वेळीं दुभाष्यास नवी बोली शिकवावयाची, पण जुनी विसरूं द्यावयाची नाहीं. कारण जुनीं यंत्रें गिरण्यांत, रुग्णालयांत, मोटारींत चालूच असतात.

दुसरी अडचण घरांतील फळीवरच्या डब्यांसारखी. मीठ कोणत्या डब्यांत आणि हिंग कोणत्या, हें घरांत एकदां ठरलें म्हणजे आईचा काय किंवा सुनेचा काय, हात न पाहतां नेमका तेथें जातो. प्रोग्रामचे निरनिराळे भाग निरनिराळ्या माणसांनीं, निरनिराळ्या वेळीं लिहिलेले असतात. तेव्हां एकानें दुसऱ्यास द्यावयाच्या संख्या कोणत्या खणांत ठेवावयाच्या, याचाही करार असावा लागतो. ३२ बिटी आर्मवर पहिल्या चार संख्या पहिल्या चार खणांत ठेवाव्या, असा संकेत आहे. पण अपूर्णांकांचें काय? जुन्या करारांत तेही याच खणांतून जात. पुढें प्रोसेसरांत अपूर्णांकांसाठीं वेगळे खण आले आणि नवा करार करणें ओघानेंच आलें. अर्धें घर जुन्या डब्यांवर व अर्धें नव्यांवर चालूं शकत नाहीं. म्हणून करार बदलला कीं सगळेच प्रोग्राम पुन्हां भाषांतरित करावे लागतात. २०१२ सालीं ‘रास्पबेरी पाय’ हा विद्यार्थ्यांसाठींचा स्वस्त संगणक निघाला, तेव्हां त्याच्या प्रोसेसराला साजेल अशा रीतीनें हजारों प्रोग्राम नव्या करारानें पुन्हां भाषांतरित करण्याचें काम मुख्यत्वें स्वयंसेवकांनीं अंगावर घेतलें. त्या संगणकावर आज शाळकरी मुलें धडे गिरवितात. त्या खटपटीची वार्ताही त्यांस नसते.

तिसरी अडचण दोषांची. एक उदाहरण सांगतों. सी भाषेंत एका अक्षराएवढा एक लहान खण असतो. त्यांत ऋण संख्या मावावी कीं नाहीं, हें भाषेनें ज्या त्या यंत्रावर सोडलें आहे. नेहमींच्या इंटेल संगणकावर त्यांत उणें १२८ ते १२७ या संख्या राहतात. लिनक्स चालविणाऱ्या आर्मवर मात्र ० ते २५५. याचें कारण इतकेंच कीं आरंभींच्या आर्म प्रोसेसरांस असा खण वाचतांना ऋणचिन्ह ओळखणारी आज्ञाच नव्हती. आतां समजा, एक प्रोग्राम एक एक अक्षर वाचीत आहे, आणि मजकूर संपला याची खूण म्हणून त्यास ‘उणें एक’ मिळावयाचें आहे. लिहिणारानें तें उत्तर निष्काळजीपणें या लहान खणांत ठेविलें. इंटेलवर प्रोग्राम वर्षानुवर्षें सुरळीत चालतो. आर्मवर त्याच ‘उणें एक’चे २५५ होतात, शेवटची खूण कधींच ओळखूं येत नाहीं, आणि प्रोग्राम घाण्याच्या बैलाप्रमाणें तेथल्या तेथेंच फिरत राहतो. दुभाषी चुकलेला नाहीं, प्रोसेसरही चुकलेला नाहीं. अशा वेळीं डीबगरानें प्रोग्राम थांबवून त्या खणांत डोकावून पाहिलें, आणि तेथें २५५ दिसले, म्हणजे तासन् तासांचें कोडें क्षणांत सुटतें.

पण डीबगरानें थांबवावयाचें तरी कसें? जीडीबी इच्छित स्थळींची मूळ आज्ञा काढून तेथें ‘थांब’ अशी आज्ञा ठेवितो, आणि काम झालें कीं मूळ आज्ञा जागच्या जागीं परत घालतो. परंतु ज्या लहान यंत्रांत प्रोग्राम कायमच्या स्मृतींत कोरलेला असतो, तेथें अशी अदलाबदल सोपी नसते. म्हणून कॉर्टेक्स-एम३ सारख्या प्रोसेसरांत आज्ञांवर नजर ठेवणारे पहारेकरी चिपमध्येंच बसविलेले असतात, बहुधा सहा. त्या पहारेकऱ्यांशीं बाहेरच्या संगणकावरून दोन-चार तारांनीं बोलतां यावें, म्हणून ‘ओपन-ओसीडी’ नांवाचा मोकळा प्रोग्राम जर्मनींतील आउग्सबुर्ग येथील एका विद्यार्थ्यानें २००५ सालीं आपल्या पदवीच्या प्रबंधासाठीं केला. पदवी मिळाली, प्रबंध कपाटांत गेला. पण प्रोग्राम अनेकांच्या हातीं पडून आजही वाढतो आहे.

एवढें काम फुकट कसें होतें, असा प्रश्न घरांतील व्यवहारी मंडळी अवश्य विचारतील, आणि तो रास्त आहे. उत्तर असें कीं तें फुकट होत नाहीं. १९८९ सालीं अमेरिकेंत ‘सिग्नस’ नांवाची कंपनी निघाली ती याच मोकळ्या हत्यारांची डागडुजी मोबदला घेऊन करण्यासाठीं. १९९९ सालीं ती रेड हॅट कंपनीनें घेतली. २०१० सालीं आर्म, आय.बी.एम., सॅमसंग इत्यादि कंपन्यांनीं मिळून ‘लिनारो’ ही संस्था काढली. आर्मवरील कंपायलर व इतर सामान सुधारणें हें तिचें एक मुख्य काम. आर्म कंपनीचे पगारी अभियंतेही जीसीसीवर काम करितात. दुसरीकडे २००० सालीं इलिनॉय विद्यापीठांत ‘एल्‌एल्‌व्हीएम्’ हा नवा मोकळा कंपायलर उगवला. त्याचे जनक क्रिस लॅटनर व त्यांचे गुरु विक्रम आडवे. हे आडवे आपल्या पवईच्या आय.आय.टी.चे विद्यार्थी. आणि गंमत अशी कीं, २०१४ सालीं आर्म कंपनीनें स्वतःचा जुना खासगी कंपायलर बाजूला सारून नव्या कंपायलरची उभारणी याच मोकळ्या पायावर केली. आपल्या घरची खासगी विहीर राखण्यापेक्षां गांवच्या विहिरीचा गाळ चारचौघांनीं मिळून काढणें कंपनीलाही परवडतें, असाच याचा अर्थ.

तथापि कंपनीचें लक्ष जेथें नफा असतो तेथेंच असतें, आणि म्हणूनच या व्यवस्थेंत एक कच्चा दुवा आहे. ज्या यंत्राचा आतां कोणास लाभ नाहीं, त्याची बोली कोणी सांभाळावी? जीसीसीचा रिवाज असा कीं ज्या शाखेस पालक उरत नाहीं, ती एका आवृत्तींत ‘जीर्ण’ म्हणून जाहीर करावयाची आणि तरीही कोणी पुढें न आल्यास पुढच्या आवृत्तींत काढून टाकावयाची. २०१९ सालच्या नवव्या आवृत्तींत आर्मच्या दुसऱ्या व तिसऱ्या पिढीची बोली अशीच काढून टाकण्यांत आली. एकॉर्नचा १९८७ सालचा ‘आर्किमिडीज’ संगणक याच दुसऱ्या पिढीचा. ज्या मूळपुरुषापासून घराणें वाढलें, त्याच्याशीं बोलणारा दुभाषी नव्या वाड्यांत उरला नाहीं. यांत कृतघ्नता नाहीं. प्रत्येक जुन्या शाखेची परीक्षा घेत राहण्याला माणसें व वेळ लागतो, आणि दोन्ही अपुरे आहेत. समाधान इतकेंच कीं मूळ लेखन मोकळें असल्यामुळें आठवी आवृत्ति कोणालाही आजही घेतां येते. दार बंद झालें, पण किल्ली हरवलेली नाहीं. खासगी कंपायलरचा धनी बुडाला, तर किल्लीही त्याच्याबरोबर जाते.

याहूनही गंभीर गोष्ट विश्वासाची. युनिक्सचे एक कर्ते केन टॉम्प्सन यांचें ट्युरिंग पुरस्काराच्या निमित्तानें केलेलें व्याख्यान १९८४ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांत त्यांनीं दाखविलें कीं कंपायलरांतच चोर दडवितां येतो. भाषांतर करतांना तो कुलूप-किल्लीच्या प्रोग्रामांत गुप्त दार ठेवील; इतकेंच नव्हे, तर कंपायलरचें स्वतःचें नवें भाषांतर करण्याची वेळ आली, कीं त्यांतही स्वतःस पुन्हां दडवील. मूळ लेखन कितीही निर्मळ असो, चोर पिढ्यान् पिढ्या उतरत जाईल. दुभाषी फितूर झाला तर राजा आणि वकील दोघेही प्रामाणिक असून उपयोग काय? यावर पुरता इलाज सोपा नाहीं. परंतु एक मार्ग असा कीं परस्परांशीं संबंध नसलेल्या दोन कंपायलरांकडून तेंच काम करून घेऊन शेवटचें उत्तर ताडून पाहावें. त्यासाठीं दोन्ही मोकळे असणें फार सोयीचें. जीसीसी तर नित्याच्या कामांतही स्वतःचें भाषांतर तीनदां करितो: आधीं घरांतल्या जुन्या कंपायलरकडून, मग त्या नव्याकडून, मग पुन्हां त्याच्याकडून, आणि दुसरी व तिसरी प्रत तंतोतंत जुळली तरच पुढें जातो. तसेंच, एखादा दोष सुधारला कीं तो दाखविणारा छोटा प्रोग्राम परीक्षेच्या संग्रहांत कायमचा ठेवितात, म्हणजे तीच चूक पुन्हां शिरली तर लगेच ओरड व्हावी. नाथांच्या ताकिदीचेंच हें आजचें रूप.

हें सारें परदेशांतलेंच आहे असें मात्र नव्हे. मुंबईच्या आय.आय.टी.मध्यें प्रा. उदय खेडकर यांच्या नेतृत्वाखालीं जीसीसीच्या अभ्यासाचें एक केंद्र उभें राहिलें, आणि एक कोटीहून अधिक ओळींच्या त्या अरण्यांत नव्या माणसानें कोणत्या वाटेनें शिरावें, हें शिकविणाऱ्या कार्यशाळा तेथें झाल्या. वाट दाखविणारे आहेत. वाटसरू हवे आहेत.

म्हणून घरांतील वडील मंडळींस एक विनंति कराविशी वाटते. आपला एखादा मुलगा किंवा मुलगी रात्रीं जागून कोणत्याशा कंपायलरांतला दोष शोधीत असेल, आणि ‘यांतून तुला काय मिळणार?’ असा प्रश्न आपल्या ओठांवर आला, तर क्षणभर थांबावें. पोट भरण्याचा विचार करावाच; तो सुटलेला नाहीं आणि सुटूंही नये. या विद्येला चांगला पगार देणारीं ठिकाणेंही जगांत आहेत. पण त्या कामाचें मोल केवळ पगारानें ठरवूं नये. आणि तरुणांस एवढेंच सांगणें कीं नवें कांहीं तरी निर्माण केल्यावांचून कीर्ति नाहीं, हा समज जुना असला तरी खरा नाहीं. एक दोष नीट सांगावा, त्याचें लहानांत लहान उदाहरण करून द्यावें, एक जुनी शाखा नव्या आवृत्तींत चालते कीं नाहीं हें पडताळून पाहावें. आरंभाला इतकें पुरें आहे.

आपल्या घरांत देवापुढचा दिवा कोणी पहिल्यांदां लाविला, हें कोणासच आठवत नाहीं. रोज संध्याकाळीं वात कोण सारतें आणि तेल कोण घालतें, हें मात्र घरांतील सर्वांस ठाऊक असतें. आणि एखाद्या संध्याकाळीं तें माणूस गांवाला गेलें, कीं काळोख पडण्यापूर्वींच दुसरें कोणी उठतें. तसें उठणारें माणूस या कामालाही मिळत राहावें, एवढीच इच्छा.